लिनक्स: /डेव्ह मधली हार्डडिस्कची फाइल गायब, तातडीने मदत हवी

कुडाळकरीण (रविवार, रात्री १०.४०)

मंडळी, जाणकारांनी कृपया लवकर लक्ष घाला. थोडं सविस्तर लिहिते, कारण यातलं नेमकं महत्त्वाचं काय ते मला कळत नाही.

घरी २०१९ मध्ये जोडून घेतलेला संगणक आहे. त्यावर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार). आत तीन डिस्क: २४० जीबीच्या एसएसडीवर सिस्टिम, ४ टीबीच्या हार्डडिस्कवर बाबांनी आणि मी अकरा वर्षं केलेली दशावताराची रेकॉर्डिंगं, आणि २ टीबीची बॅकअपला. आजवर त्या /डेव्ह मध्ये (प्रत्येक उपकरणाच्या नावाची फाइल असते तो फोल्डर) एसडीए, एसडीबी, एसडीसी अशा दिसायच्या. रेकॉर्डिंगं साधारण १.७ टीबी आहेत. रोज रात्री २ वाजता क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) आरसिंक (फाइलींची नक्कल करणारा प्रोग्राम) चालतो आणि बॅकअपची डिस्क मुळाबरहुकूम करतो. मूळ डिस्कवर जे नाही ते तिकडूनही पुसायचा पर्याय लावलेला आहे, म्हणजे कचरा साठत नाही.

एडिटिंगला वेग मिळावा म्हणून काल १ टीबीचं एम.२ कार्ड (बोर्डावरच्या स्लॉटमध्ये बसणारी पट्टीसारखी एसएसडी) आणलं. दुकानदार म्हणाला एनव्हीएमई, म्हणजे वेगवान प्रकारचं, आहे. आज संध्याकाळी बसवलं, बटण दाबलं आणि पडद्यावर दीड मिनिटाचं घड्याळ सुरू झालं. ते संपल्यावर इमर्जन्सी मोड. एफस्टॅबमधल्या (सुरू होताना कुठली डिस्क कुठे जोडायची त्याची यादी) रेकॉर्डिंगच्या ओळीपुढे # टाकून ती बंद केली, तेव्हा कुठे सिस्टिम सुरू झाली.

आता /डेव्ह मध्ये एसडीए, एसडीए१, एसडीए२, एसडीबी, एसडीसी, एसडीसी१ एवढंच दिसतं. एसडीबी आहे, एसडीबी१ (म्हणजे तिच्यावरचा पहिला भाग, पार्टिशन) नाही. नव्या कार्डाची एनव्हीएमई नावाची फाइलही नाही. म्हणजे कार्ड ओळखलं नाही आणि वर माझ्या डिस्कचं पार्टिशन टेबल (या भागांची नोंद) उडालं, असंच ना? डिस्क मेलेली नाही. हात लावला की थरथर जाणवते.

या रेकॉर्डिंगांमधले काही कलाकार आता हयात नाहीत.

टर्मिनलवाला (१०.५२)

आधी पार्टप्रोब चालवून बघा, म्हणजे सिस्टिम पार्टिशन पुन्हा वाचेल. नाही जमलं तर फाइल हाताने बनवा: एमकेनॉड /डेव्ह/एसडीबी१ बी ८ १७. एसडी डिस्कचा मेजर क्रमांक ८ असतो, एसडीबी चा मायनर १६, तिच्या पहिल्या पार्टिशनचा १७; या आकड्यांवरून सिस्टिम डिस्क ओळखते. मग माउंट करा (फोल्डरला जोडा).

मृण्मयी_पुणे (१०.५८)

मला यातलं काही कळत नाही, पण वाचते आहे. रेकॉर्डिंगं सुखरूप मिळोत.

खटपट्या (११.१०)

माझ्याकडे २०१८ मध्ये असंच झालं होतं. पार्टिशन टेबल गेलेलं. एफडिस्कमध्ये (पार्टिशन बनवायचा प्रोग्राम) जाऊन पूर्वी होतं तसंच, त्याच सेक्टरपासून पार्टिशन पुन्हा बनवलं आणि सगळं जसंच्या तसं परत. टेबल लिहिल्याने आतला डेटा हलत नाही. घाबरू नका, एसडीबी वर एकच मोठं पार्टिशन बनवा. ते जमत नसेल तर हरवलेली पार्टिशन शोधणारा टेस्टडिस्क आहेच.

सह्यकडा (११.३४)

कुडाळकरीण ताई, वरचं सगळं राहू द्या. आधी तो क्रॉन बंद करा. आत्ता. २ वाजायच्या आत.

कारण सांगतो. तुम्ही एफस्टॅबमधली ओळ बंद केलीत, म्हणजे /रेकॉर्डिंग हा आता एसएसडीवरचा नुसता रिकामा फोल्डर आहे. बॅकअपची एसडीसी१ मात्र नेहमीसारखी माउंट झालेली आहे. रात्री २ वाजता आरसिंक येईल, मूळ जागा रिकामी बघेल आणि सांगितल्याप्रमाणे बॅकअपही रिकामा करेल. तुमच्याकडे आज खात्रीने चांगली असलेली एकच प्रत आहे आणि ती तिथे आहे.

क्रॉनटॅब -ई, त्या ओळीपुढे #. मग बॅकअपची डिस्क अनमाउंट करा. झालं की इथे लिहा. तोवर एफडिस्क नको, एमकेनॉड नको, काहीच नको.

कुडाळकरीण (११.४७)

बंद केला. अनमाउंटही केली. त्याआधी आत बघितलं, सगळे फोल्डर जागेवर आहेत. हात अजून कापताहेत. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

सह्यकडा (११.५५)

आता निवांत बसा, घाई संपली.

टर्मिनलवाला, तुमचे आकडे बरोबर आहेत, पण इथे त्याचा उपयोग नाही. /डेव्ह मधली फाइल म्हणजे दारावरची पाटी. आत कोण राहतं हे कर्नलला (सिस्टिमच्या गाभ्याला) माहीत असतं आणि पाटी तोच लावतो. कर्नलला पार्टिशन दिसलंच नसेल तर आपण हाताने पाटी ठोकून कुणी राहायला येणार नाही. फाइल बनेल, पण माउंट करायला गेलात की 'नो सच डिव्हाइस ऑर अॅड्रेस' असं उत्तर मिळेल.

खटपट्या, तुमच्या बाबतीत टेबल गेलंय हे ठाऊक होतं. इथे एसडीबी ही कुठली डिस्क आहे हेच अजून कुणी तपासलेलं नाही. नाव तेच आहे म्हणून वस्तू तीच असेल असं नाही. ताई, डिस्कची यादी देणारी एवढी आज्ञा चालवा आणि उत्तर इथे टाका:

एलएसबीएलके -ओ नेम,साइझ,मॉडेल

शिवाय डीमेसग (कर्नलच्या नोंदी) मधल्या 'एटीए' ने सुरू होणाऱ्या ओळी.

कुडाळकरीण (सोमवार, १२.०८)

एसडीए: २२३.६ जी
एसडीबी: ९३१.५ जी
एसडीसी: १.८ टी

मॉडेलची नावं इथे देत नाही, पण एसडीबी समोर नव्या कार्डाच्या खोक्यावरचंच नाव आहे! एटीए१, एटीए२, एटीए३ ला 'साटा लिंक अप ६.० जीबीपीएस', ४, ५, ६ ला 'लिंक डाउन'.

सह्यकडा (१२.१५)

सुटलं. ४ टीबीची डिस्क एलएसबीएलके मध्ये ३.६ टी अशी दिसते, कारण तिथे १०२४ च्या पटीत मोजतात. ९३१.५ जी म्हणजे १ टीबी. तुमची एसडीबी म्हणजे नवं कोरं कार्ड. त्यावर पार्टिशन कधी बनवलेलंच नाही, मग एसडीबी१ कुठून येणार? तुमचं टेबल उडालेलं नाही.

आणि ते कार्ड एनव्हीएमई नाही, एम.२ साटा आहे, म्हणजे साध्या डिस्कच्याच पद्धतीने बोलणारं. आकार तोच, पण बोलण्याची पद्धत वेगळी. एनव्हीएमई असतं तर /डेव्ह/एनव्हीएमई०एन१ असं नाव आलं असतं. कार्डाच्या सोनेरी कडेला खाचा किती आहेत बघा. एक असेल तर बहुतेक एनव्हीएमई, दोन असतील तर बहुतेक साटा.

बऱ्याच बोर्डांवर एम.२ चा स्लॉट आणि एखादा साटा पोर्ट यांना एकच वाट असते. स्लॉटमध्ये साटा कार्ड आलं की तो पोर्ट बंद. तुमची ४ टीबी पोर्ट २ वर होती ना? एटीए२ वर आता कार्ड बोलतंय. डिस्क फिरते कारण वीज वेगळ्या वायरने येते, डेटाच्या वायरीचं पलीकडचं टोक मात्र बंद दारावर आहे. डेटाची वायर पोर्ट ४ मध्ये लावा, एवढंच काम आहे.

कुडाळकरीण (१२.२१)

मोबाइलवरून लिहिते. इथे पाऊस धो धो आणि लाइट गेली. आता उद्याच उघडेन. सह्यकडा दादा, देव बरें करो. आज झोप लागेल.

चहाबाज (सकाळी ७.३०)

रात्रभर धागा रंगलेला दिसतोय. थोडक्यात, धाकटी सून घरात आली आणि थोरलीच्या खोलीला कुलूप लागलं. :)

जुनाजाणता (८.०५)

चहाबाज, उपमा अगदी चपखल.

नाव आणि वस्तू यांची फारकत लिनक्समध्ये जुनी आहे. मी २००१ पासून वापरतो. तेव्हा /डेव्ह हा डिस्कवरचाच साधा फोल्डर असायचा आणि त्यात हजारो फाइली आधीच करून ठेवलेल्या असायच्या, यंत्रात ती वस्तू असो वा नसो. एखादी कमी पडली तर मेकडेव्ह नावाची स्क्रिप्ट. टर्मिनलवाल्यांचा सल्ला त्या काळी रोजच्या वापरातला होता. कर्नल २.४ मध्ये डेव्हएफएस होतं, मग २००३ मध्ये ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी यूडेव्ह आणलं, आणि २००९ अखेरच्या २.६.३२ पासून डेव्हटीएमपीएफएस आलं. तेव्हापासून कर्नल स्वतःच मेमरीत या फाइली बनवतो आणि यूडेव्ह परवानग्या आणि टोपणनावं बघतो.

माझी फजिती २००७ ची. तोवर आयडीई (जुन्या रुंद पट्टीच्या वायरीच्या) डिस्क एचडीए म्हणून दिसायच्या. लिनक्स वितरणाची नवी आवृत्ती टाकली, लिबएटीए चे (कर्नलमधले डिस्कसाठीचे नवे) ड्रायव्हर आले आणि त्याच डिस्कचं नाव झालं एसडीए. एफस्टॅबमध्ये सगळीकडे एचडीए. यंत्र उठेना. दोन दिवस वाटत होतं की डिस्क गेली, केबल बदलली, एका मित्राकडे डिस्क नेऊन लावून पाहिली. तिथे व्यवस्थित चालली. त्या दिवसापासून एफस्टॅबमध्ये मी एसडीए-एसडीबी लिहिलेलं नाही. फक्त यूयूआयडी, म्हणजे नाव बदललं तरी न बदलणारा ओळख-क्रमांक.

टर्मिनलवाला (८.४०)

सह्यकडा, मान्य. पण एमकेनॉड अगदीच निरुपयोगी नाही. कुणी चुकून /डेव्ह मधली फाइलच पुसली आणि यंत्र बंद करणं शक्य नसेल, तर तीच फाइल हाताने परत बनवता येते. सर्व्हरवर एकदा केलंय.

सह्यकडा (९.०२)

हो, तिथे बरोबर आहे, कारण कर्नलला डिस्क दिसतेय, पाटी तेवढी कुणी काढली. फरक ओळखायला /प्रॉक/पार्टिशन्स किंवा /सिस/ब्लॉक बघायचं. तिथे आहे आणि /डेव्ह मध्ये नाही, तर पाटीचा प्रश्न. तिथेही नाही, तर ड्रायव्हर, केबल किंवा बायोस.

अनघा_डोंबिवली (१०.१५)

याच्या नेमकं उलटं माझ्याकडे झालं होतं, कुणाला उपयोग होईल म्हणून लिहिते. पेनड्राइव्हवर डीडी ने (जसंच्या तसं उतरवणारी आज्ञा) आयएसओ (डिस्कची प्रतिमा-फाइल) लिहीत होते, लिहायची जागा ऑफ=/डेव्ह/एसडीबी. पेनड्राइव्ह नीट बसलाच नव्हता हे लक्षात आलं नाही. डीडी ने तक्रार केली नाही, झपाट्याने काम संपवलं. त्यानंतर पेनड्राइव्ह कितीही वेळा काढून लावला तरी कामच करेना. कर्नलच्या नोंदीत एसडीबी जोडल्याचं दिसतंय, माउंट काही होत नाही.

शेवटी ऑफिसातल्या एका ज्येष्ठ बाईंनी एलएस -एल (फाइलींची सविस्तर यादी) करायला लावलं. डिस्कच्या फाइलीच्या ओळीत पहिलं अक्षर 'बी' हवं, म्हणजे ब्लॉक. माझ्या एसडीबी समोर नुसती आडवी रेघ होती. म्हणजे डिस्क नव्हती म्हणून डीडी ने त्या नावाची साधी फाइल मेमरीत बनवून त्यात आयएसओ ओतला होता! नाव आधीच अडलेलं, मग कर्नल खरी फाइल कुठे बनवणार? ती पुसली, पेनड्राइव्ह पुन्हा लावला, चालू.

खटपट्या (१०.३१)

हे भारी आहे. मलाही हे झालेलं असणार, मी रीस्टार्ट केल्यावर आपोआप बरं झालं म्हणून सोडून दिलं होतं. आणि ताई, रात्री एफडिस्कचा सल्ला मी घाईत दिला, त्याबद्दल माफी. तो आकडा आधी विचारायला हवा होता.

ठाणेकर_वि (११.२०)

माझ्याकडे बोर्डाने दोन पोर्ट घेतले होते. स्लॉट दुसरा, कार्ड खरंखुरं चार लेनचं एनव्हीएमई, आणि साटा ५ व ६ बंद. फरक एवढाच की डीमेसग मध्ये त्या पोर्टांपुढे 'लिंक डाउन' नव्हतं, 'डमी' होतं. लिंक डाउन म्हणजे पोर्ट आहे, पलीकडे कुणी बोलत नाही. डमी म्हणजे कंट्रोलरच सांगतोय की हा पोर्ट वापरात नाही. डमी दिसलं की केबल बदलत बसू नका, बोर्डाच्या पुस्तिकेतलं एम.२ चं कोष्टक बघा. बारीक अक्षरात एखाद्या तळटिपेत असतं.

पल्लवी_न्यूजर्सी (१.४०)

इथे बाहेरची यूएसबी डिस्क सवलतीत स्वस्त मिळते म्हणून लोक कवच फोडून आतली डिस्क घरच्या यंत्रात लावतात. मी लावली तर ती फिरेचना. साटाच्या नव्या नियमात वीजजोडाच्या तिसऱ्या पिनेला 'डिस्क बंद ठेव' असा अर्थ आलाय आणि जुने पॉवर सप्लाय तिथे ३.३ व्होल्ट देतच राहतात. कॅप्टॉन टेपचा (वीज न वाहणारी पातळ चिकटपट्टी) बारीकसा तुकडा त्या पिनेवर लावला आणि फिरली. तेव्हा कुडाळकरीण यांनी 'हात लावला तर थरथर जाणवते' हे लिहिलं ते फार कामाचं होतं. वीज पोचतेय हे तिथेच ठरलं.

आशुतोष_१२ (२.०५)

विषय निघालाच आहे तर: बहिणीच्या नव्या लॅपटॉपवर उबंटू टाकायचंय, इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. विंडोज नीट चालतंय. बायोसमध्ये स्टोरेजपुढे 'आरएसटी' (इंटेलची डिस्क हाताळायची पद्धत) लिहिलंय. एएचसीआय (सर्वसाधारण पद्धत) करू का?

ठाणेकर_वि (२.२०)

थेट बदलू नका, विंडोज निळा पडदा दाखवून बसेल. आधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू आहे का बघा आणि असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवा. मग विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये उठायला सांगा, बायोसमध्ये एएचसीआय करा, सेफ मोडमध्ये एकदा उठू द्या आणि सेफ मोड काढा. त्यानंतर इन्स्टॉलरला डिस्क दिसेल. आणि बहिणीच्या फाइलींची प्रत आधी.

कुडाळकरीण (संध्याकाळी ६.५०)

मंडळी, मिळाली!

दुपारी लाइट आली. झाकण काढून बॅटरी मारली. कार्डाला खाचा दोन. ४ टीबीची लाल वायर बोर्डावर जिथे होती तिथे इवलासा २ छापलेला. क्लिप दाबून काढली, ४ मध्ये लावली, 'टक' झालं. सुरू केलं आणि एलएसबीएलके मध्ये चौथी ओळ: एसडीडी, ३.६ टी, खाली एसडीडी१.

सह्यकडा दादांचं ऐकून घाई केली नाही. आधी फक्त वाचण्यापुरती माउंट केली. फोल्डर मोजले, बॅकअपशी ताडले. बॅकअपमध्ये नसलेली परवाची दोन रेकॉर्डिंगंही आहेत. स्मार्टसीटीएल (डिस्कची तब्येत सांगणारा प्रोग्राम) मध्ये रीअॅलोकेटेड सेक्टर, म्हणजे खराब म्हणून बदललेले भाग, शून्य.

मग बीएलकेआयडी ने यूयूआयडी घेतले आणि एफस्टॅबमध्ये तिन्ही डिस्कना तेच लावले. दोन मोठ्या डिस्कना 'नोफेल' सुद्धा, म्हणजे एखादी नसली तरी यंत्र उठेल. एक शंका: नोफेल लावल्यावर डिस्क नसताना यंत्र गुपचूप उठेल, मग २ वाजता पुन्हा तेच संकट नाही का?

सह्यकडा (७.१०)

अगदी बरोबर ओळखलंत, हाच प्रश्न मी विचारणार होतो. क्रॉन अजून चालू करू नका. स्क्रिप्टमध्ये आरसिंकच्या आधी दोन्ही जागांसाठी माउंटपॉइंट -क्यू ही तपासणी घाला. त्या जागी खरोखर डिस्क माउंट असेल तरच पुढे जायचं, नसेल तर तिथेच थांबून तुम्हाला मेल. आणि नुसता पुसण्याचा पर्याय रोजच्या कामात ठेवू नका. पुसलेल्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये तारखेनिशी हलवायची सोय आरसिंकमध्ये आहे, ती वापरा.

जुनाजाणता (७.३५)

आणि तिसरी प्रत घराबाहेर. एकाच खोक्यात दोन डिस्क, वर वीज कडाडणारा कोकणातला पाऊस. मला ही व्यवस्था मुळीच पटत नाही. एक बाहेरची डिस्क घ्या, महिन्यातून एकदा भरा आणि नातेवाइकांकडे ठेवा.

कुडाळकरीण (९.१५)

मावशी रत्नागिरीला असते, तिच्याशी आत्ताच बोलले. गणपतीला जाणार आहे तेव्हा पहिली प्रत तिच्या कपाटात जाईल. तपासणीच्या ओळी घातल्या, बॅकअप अनमाउंट करून मुद्दाम चालवून पाहिलं. स्क्रिप्ट थांबली आणि मेल आला.

दुकानदाराला फोन केला होता. कार्ड बदलून देतो म्हणाला. बोर्डाच्या पुस्तिकेत पाहिलं, आमच्या स्लॉटमध्ये एनव्हीएमई घातलं तर पोर्ट २ मोकळा राहतो. तरी ४ टीबीची वायर आता ४ मध्येच राहू देते, आणि प्रत्येक वायरीला कुठली डिस्क त्याची चिठ्ठी चिकटवली आहे.

डिस्क परत आल्यावर तपासायला म्हणून सगळ्यात जुनी फाइल उघडली. जत्रेतली रात्र, आवाज घोगरा, कॅमेरा हलतोय. पेटी सुरू होते, मृदंगावर थाप पडते आणि संकासूर येतो. बाबा बाहेरच्या खोलीत होते. नुसत्या पेटीवरून त्यांनी वाजवणाऱ्याचं नाव सांगितलं आणि आत येऊन खुर्ची ओढून बसले. अजून बघताहेत.